घरच्या लग्नकार्यासाठी घरचीच फुले

लग्नकार्याच्या खर्चाचा विचार करताना दागिने, कपडे, भांडी आणि जेवणावळ यांचा हिशेब घरातील वडीलधारी माणसे आधीच मांडतात. फुलांचा हिशेब मात्र बहुधा कोणी मांडीत नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या बाजाराला माणूस धाडावयाचा आणि मिळेल त्या भावाने हार, गजरे, तोरणे आणावयाची, अशी रीत पडून गेली आहे. दाट लग्नतिथीच्या दिवशी एकाच बाजारात शेकडो घरांची मागणी एकदम येते, आणि त्या दिवशीचा भाव हा फुलाचा भाव नसून अडलेल्या माणसाचा भाव असतो. अलीकडे बोहल्याची सजावट ठेक्याने देण्याची पद्धत खेड्यांतही रूढ होऊ लागली आहे. ज्याच्या शेतात झेंडू उभा आहे तोच शेतकरी आपला माल दलालाच्या पाटीत टाकतो आणि मुलीच्या लग्नाला प्लॅस्टिकच्या फुलांचे पडदे भाड्याने आणतो, असेही पाहावयास मिळते.

हा खर्च टाळणे अवघड नाही. परंतु त्यासाठी फुलांचा विचार मुहूर्ताच्या आदल्या दिवशी न करता लग्न ठरते त्या दिवशी करावयास पाहिजे. ग्रामसेवक, कृषी सहायक व बचत गटांच्या कार्यकर्त्या भगिनी यांना गावातील लग्ने बरीच आधी ठाऊक असतात. त्यांनी पुढील माहिती योग्य वेळी घरोघर पोहोचविल्यास तिचा उपयोग होईल. फुले तोडल्यावर काय करावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती केव्हा लावावीत हेही महत्त्वाचे असल्याने आरंभ तेथूनच केला आहे.

तिथीवरून मागे मोजावे

आपल्याकडे तुळशीचे लग्न झाल्यावर लग्नसराईला प्रारंभ होतो व ती आषाढी एकादशीपूर्वी संपते. या सात-आठ महिन्यांत हिवाळा येतो आणि कडक उन्हाळाही येतो. म्हणून एकच फूल सर्व लग्नांना पुरे पडेल असे समजू नये.

झेंडू हे सर्वांत भरवशाचे फूल होय. गादीवाफ्यावर बी टाकल्यापासून सुमारे चार आठवड्यांत रोपे लावणीस येतात. लवकर येणाऱ्या संकरित जातींना लावणीनंतर साधारणतः दोन महिन्यांत तोडणीजोगी फुले लागतात. म्हणजे वैशाखातील लग्नासाठी बी तीन महिने आधी, माघाच्या सुमारास, पडले पाहिजे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा नारंगी गेंदा व पुसा बसंती गेंदा या जाती चांगल्या आहेत. परंतु त्यांना बी टाकल्यापासून फुलावर येण्यास चार ते साडेचार महिने लागतात. लग्न तीन महिन्यांवर आले असताना या जाती लावणे म्हणजे वरात गेल्यावर घोडा सजविण्यासारखे आहे. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडल्यास फांद्या वाढतात व फुलांची संख्याही वाढते, पण पहिला बहर मागे पडतो. तेव्हा दिवस मोजूनच शेंडा खुडावा. वेळ कमी असेल तर खुडू नये. उन्हाळ्यात झेंडूचे फूल हिवाळ्यापेक्षा लहान येते, हेही हिशेबात धरावे.

मार्गशीर्षातील लग्न असेल तर निराळी लावणी करण्याचेही कारण नाही. दसरा-दिवाळीसाठी लावलेला झेंडू दिवाळीनंतर भाव कोसळल्यामुळे अनेक जण मोडून टाकतात. त्याच पिकाची वाळलेली फुले काढून, हलके पाणी देऊन व थोडे खत घालून ते आणखी महिनाभर राखता येते.

निशिगंधाचे, म्हणजेच गुलछडीचे, गणित वेगळे आहे. कंद लावल्यापासून छड्या निघण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि थंडीत कंदाची उगवण मंदावते. म्हणून लग्न ठरल्यावर निशिगंध लावण्याच्या भरीस पडू नये. गावात कोणाचा खोडवा उभा असेल त्याच्याशी आधी बोलून ठेवावे. ज्यांना कायमची लागवड करावयाची असेल त्यांनी हारासाठी एकेरी व छडीसाठी दुहेरी जात निवडावी. एकेरी फुलाला वास अधिक असतो व त्याची कळी ओवण्यास सोईची असते. दुहेरी फूल छडीवर शोभते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या शृंगार व प्रज्वल या जाती आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी ही जात यांचा परिचय आता अनेक शेतकऱ्यांना आहे. प्रज्वलच्या कळीवर किंचित गुलाबी झाक असते, ती मुंडावळीत फार सुंदर दिसते.

माघ-फाल्गुनातील लग्नांना अष्टर उत्तम. बी टाकल्यापासून सुमारे साडेतीन ते चार महिन्यांत तो फुलतो. फुले गणेश मालिकेतील पांढऱ्या, गुलाबी व जांभळ्या रंगांच्या जाती आपल्याच विद्यापीठाच्या आहेत. या झाडाला एकदा बहर येऊन गेला की ते संपते, म्हणून सर्व रोपे एकाच दिवशी न लावता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत लावावीत. त्यामुळे तिथी थोडी पुढेमागे झाली तरी फुले हाताशी राहतात.

शेवंतीबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास पाहिजे. ती हवी तेव्हा फुलत नाही. झाडे फुलावर येण्याचा संबंध दिवस-रात्रीच्या लांबीशी असतो, हे १९२० साली गार्नर व अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन या पिकांवरून दाखवून दिले. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब रात्र लागते. म्हणून उघड्या शेतात ती हिवाळ्यात फुलते आणि वैशाखात कितीही खत-पाणी घातले तरी फुलत नाही. वाफ्याशेजारी रस्त्याचा किंवा अंगणाचा दिवा रात्रभर जळत असेल तर उजेडातील झाडांना फूल उशिरा येते, याचे कारणही हेच. अशा वेळी खताला किंवा रोपाला दोष देण्यापूर्वी दिव्याकडे पाहावे.

उलटपक्षी, मोगरा हे उन्हाळ्याचेच फूल होय. मार्गशीर्षाच्या सुमारास पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यावी, छाटणी करावी व मग खत-पाणी सुरू करावे, म्हणजे चैत्र-वैशाखात भरपूर कळ्या मिळतात. कोकणात व गोव्यात अबोली आहे. तिला वास नाही, पण केसांत ती दिवसभर टिकते. अबोलीची वेणी गुंफणाऱ्या तिकडच्या भगिनींना त्यासंबंधी कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. उलट घाटावरील गटांनी ती कला त्यांच्याकडून शिकून घ्यावी.

किती फुले लागतील?

याचा अंदाज डोळ्यांनी बांधू नये. एक वीतभर माळ ओवून पाहावी, फुले मोजावीत आणि मग गुणाकार करावा. झेंडूचे मध्यम फूल देठातून पाकळ्यांकडे ओवले असता माळेत सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे एक मीटर माळेस चाळीस ते पन्नास फुले, सरासरी पंचेचाळीस धरावीत.

समजा, मांडवाच्या दाराला वरून तीन मीटर व दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मीटर असे आठ मीटर तोरण हवे आहे. त्यास ३६० फुले लागतील. बोहल्याच्या मागे दोन-दोन मीटरचे वीस सर सोडावयाचे असतील तर चाळीस मीटर माळेस १,८०० फुले. एकूण २,१६० झाली. तुटफूट व मलूल फुले धरून २,६०० तोडावीत. एका फुलाचे वजन सुमारे सहा ग्रॅम धरल्यास हे सुमारे साडेपंधरा किलो वजन होते. आता शेताकडे वळू. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटर अंतराने लावल्यास एका गुंठ्यात सुमारे पावणेचारशे झाडे बसतात. मुहूर्तापूर्वीची एक तोडणी टाळून फुले झाडावर राखली आणि झाडामागे सहा-सात फुले मिळाली, तर एका गुंठ्यात हे काम जेमतेम भागते. म्हणून दीड गुंठा लावणे बरे. झेंडूचे उमललेले फूल झाडावर काही दिवस चांगले राहते, ही त्याची मोठी सोय आहे. मोगऱ्याची कळी अशी राखून ठेवता येत नाही.

झेंडूच्या मध्ये आंब्याची पाने गुंफली म्हणजे फुले निम्मी लागतात आणि शोभाही वाढते. पाने घेताना एक पथ्य पाळावे. माघ-फाल्गुनात आंबा मोहरलेला असतो. त्या वेळी वरच्या मोहराच्या डहाळ्या न ओरबाडता खालच्या सावलीतील, मोहर नसलेल्या फांद्यांची जून पाने काढावीत. कोवळी तांबूस पाने लगेच माना टाकतात.

ज्या गावात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण आहे तेथे उन्हाळी लग्नासाठी फुलांचा वाफा करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. तेथे आंब्याची पाने, केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या किंवा ज्वारीची कणसे यांचा मांडव करावा आणि फुले फक्त वधूवरांच्या गळ्यापुरती आणावीत. अशा मांडवाला कोणी नाव ठेवील असे आम्हांस वाटत नाही.

दीड गुंठ्यातील झेंडूचा दुसराही लाभ होतो. त्याच्या मुळांतील द्रव्यामुळे जमिनीतील गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे प्रमाण कमी होते. म्हणून टोमॅटो, वांगी किंवा मिरची यांसाठी राखलेल्या वाफ्यातच हा झेंडू आधी घ्यावा.

फूल तोडल्यावरही जिवंत असते

तोडलेले फूल मेले असे आपण समजतो, ते खरे नव्हे. ते श्वास घेत असते, साठविलेली साखर खर्च करीत असते व पाकळ्यांवाटे पाणी गमावीत असते. झाडाशी संबंध तुटल्याने हा तोटा भरून निघत नाही. पाणी व साखर जितक्या हळू खर्च होतील तितके फूल अधिक टिकेल. उष्णतेने हा खर्च झपाट्याने वाढतो. पुढील सर्व सूचना एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

तोडणी पहाटे करावी. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते व फूल थंड असते. आदल्या संध्याकाळी वाफ्यास पाणी दिलेले असावे. दव फार पडले असेल तर ते थोडे सुकू द्यावे, कारण ओली फुले पाटीत दाबून ठेवल्यास ती तापतात आणि कुजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुले कोंबून बंद करणे हे सर्वांत वाईट. बांबूची करंडी, तळाशी केळीचे पान, वर ओलसर कापड, ही जुनीच रीत योग्य आहे.

झेंडू पूर्ण उमलल्यावर तोडावा. हारासाठी निशिगंध व गजऱ्यासाठी मोगरा यांच्या मात्र पूर्ण वाढलेल्या पण न उमललेल्या कळ्या घ्याव्यात. त्या संध्याकाळनंतर उमलतात, त्यामुळे गोरज मुहूर्ताच्या लग्नात पहाटे तोडलेल्या कळ्यांचा हार अंतरपाट दूर होण्याच्या सुमारास उमलू लागतो. सकाळचा मुहूर्त असेल तर कळ्या आदल्या दिवशी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. मांडणीसाठी निशिगंधाची छडी घ्यावयाची तर खालची एक-दोन जोडी फुले उमलली असताना कापावी. बाकीच्या कळ्या पाण्यात उमलत जातात. अष्टराच्या बाहेरील पाकळ्या पूर्ण उघडल्यावर त्याचा दांडा कापावा.

दांडा कापताच त्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून शेतात जाताना पाण्याची बादली बरोबर न्यावी, दांडे लगेच पाण्यात उभे करावेत, आणि घरी आल्यावर धारदार चाकूने पाण्याखालीच त्यांचे टोक पुन्हा तिरपे कापावे. बोथट विळ्याने चेचलेला दांडा पाणी ओढीत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजतात, जंतू वाढतात व त्यांनीच नळ्या बुजतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे वीस ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घातल्यास फुलांना अन्न मिळते व आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते. नुसती साखर घालू नये. तिच्यावर जंतूच अधिक पोसतात. हे पाणी रोज बदलावे.

वैशाखातील लग्नघरी बहुधा आंब्याची अढी घातलेली असते, आणि फुलेही त्याच गार खोलीत आणून ठेवली जातात. ही चूक सर्रास होते. पिकत्या आंब्यांतून व केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. तो फळे पिकवितो, तसाच कित्येक फुलांना अकाली म्हातारे करतो. फुलांची खोली व अढीची खोली निराळी असावी.

देशावरील कोरड्या उन्हाळ्यात फुले ठेवण्यासाठी विजेची गरज लागत नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष शेतकऱ्याने स्वतः बांधावा इतका सोपा आहे. सावलीच्या जागी विटांचा एक थर अंथरावा. त्यावर विटांच्या दोन भिंती एकमेकींपासून साडेसात सेंटिमीटर अंतर सोडून मांडीपर्यंत चढवाव्यात व मधल्या फटीत वाळू भरावी. ती वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ भिजवाव्यात आणि वर गवताचे किंवा गोणपाटाचे ओले झाकण ठेवावे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने आतील हवा बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंश सेल्सिअसने गार राहते. लग्न झाल्यावर हीच जागा भाजीपाल्यास उपयोगी पडते. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन कमी होत असल्याने याचा गुण तितका येत नाही. तेथे फुले तोडणे व वापरणे यांतील वेळच कमी करावा.

आणखी एक सूचना आरोग्यासंबंधी आहे. हे हार माणसांच्या गळ्यात पडावयाचे असतात, गजरे केसांत माळावयाचे असतात, आणि लहान मुले फुले तोंडातही घालतात. म्हणून तोडणीच्या आधी फवारणी करू नये. औषधाच्या वेष्टनावर जो काळ सांगितला असेल तो कटाक्षाने पाळावा, आणि घरच्या कार्याच्या वाफ्यावर शक्यतो विषारी औषध मारूच नये. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा अथवा निंबोळी अर्क पुरतो.

गुंफण व मांडणी

दोऱ्यासाठी जाड सुती धागा पाण्यात भिजवून घ्यावा. सुका धागा फुलातील ओल शोषतो आणि पाकळ्या कापतो. केळीच्या सोपटाचे तंतू ओले करून बांधलेले गजरे अधिक ताजे राहतात, हे जुन्या बायका जाणतात. हार गुंफताना गाठी घट्ट आवळू नयेत. वरमाला दोन्ही बाजू मिळून सुमारे पावणेदोन ते दोन मीटर पुरते. तिचे टोक कमरेच्या खाली गेले की ती पायांत येते आणि होमाच्या वेळी सांभाळणे कठीण जाते. हल्ली वजनदार हारांची हौस वाढली आहे. वधू आधीच शालू व दागिन्यांनी वाकलेली असते, तिच्या मानेवर आणखी भार देण्यात काय शोभा आहे ते समजत नाही.

मुंडावळ्या हे घरी करण्याजोगे सर्वांत सुंदर काम होय. निशिगंधाच्या लहान कळ्या किंवा मोगऱ्याच्या कळ्या घ्याव्यात. कपाळावरील आडवा सर आधी दोऱ्याने कपाळाचे माप घेऊन ओवावा व मागे बांधण्यासाठी दोन्हीकडे वीत-वीत दोरा मोकळा सोडावा. कानशिलांवरून छातीपर्यंत येणारे दोन सर स्वतंत्र ओवून मग आडव्या सरास बांधावेत, म्हणजे एक सर तुटला तरी सगळे ओघळत नाही. सरांच्या टोकाला एकेक उमललेले अष्टर किंवा लहान झेंडू लावावा. त्याच्या वजनाने सर सरळ लोंबतो. मुंडावळ्या शेवटी, मुहूर्ताच्या दोन तास आधी कराव्यात.

छड्या व दांड्याची फुले उभी करण्यासाठी शहरातील सजावटकार हिरवा स्पंज वापरतात. तो मातीत कुजत नाही व विकत घ्यावा लागतो. त्याऐवजी केळीचा घड उतरल्यावर जे खोड वाया जाते त्याचे हातभर तुकडे आडवे ठेवावेत, दाभणाने भोके पाडून त्यांत दांडे रोवावेत. खोडात पाणी भरपूर असल्यामुळे फुले दिवसभर ताठ राहतात. तुकडा घरंगळू नये म्हणून त्याची खालची बाजू सपाट तासावी. पितळेच्या घागरीत किंवा तांब्यांत मांडणी करावयाची तर तळाशी ओली वाळू भरावी. उंच छड्या मागे, अष्टर मध्ये, झेंडू पुढे व खाली, आणि दोन फुलांत बोट जाईल इतकी जागा मोकळी, एवढे पाळले की पुरे. फुले फार दाटीने भरण्याचा मोह सर्वांनाच होतो. दाटीत एकही फूल दिसत नाही.

हायड्रेंजियासंबंधी

शहरातील लग्नांची छायाचित्रे पाहून निळ्या-गुलाबी गुच्छांच्या या फुलाविषयी काही ठिकाणी विचारणा होते. हायड्रेंजिया हे मूळ जपानकडील झुडूप आहे. आपल्या देशात ते उटकमंड, कोडाईकनाल, दार्जिलिंग, शिलाँग अशा थंड ठिकाणी चांगले वाढते. ते परदेशी आहे म्हणून नाकारावे असे नाही. झेंडू व निशिगंधही मूळचे मेक्सिकोकडील आहेत, आणि आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. अडचण हवेची आहे. या गुच्छातील ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरोखर संदले असतात. त्यांचा एकत्रित पृष्ठभाग मोठा असल्याने पाणी फार उडते, आणि वैशाखाच्या उन्हात तासाभरातच गुच्छ मान टाकतो. दांड्याचे टोक नव्याने कापून अर्धा मिनिट गरम पाण्यात धरणे, टोकास तुरटी लावणे, किंवा अख्खा गुच्छ काही वेळ गार पाण्यात बुडविणे हे त्यावरील उपाय आहेत. बहुतेक फुले पाकळ्यांवाटे पाणी पिऊन सावरत नाहीत, हे मात्र सावरते. सावलीतील सकाळच्या समारंभात बोहल्यावर चार-दोन गुच्छ ठेवण्यास हरकत नाही. गळ्यातील हारासाठी ते निरुपयोगी आहे.

त्याच्या रंगाची गोष्ट मात्र शेतकऱ्यांना रंजक वाटेल. जमीन आम्ल असेल तर तीतील अॅल्युमिनियम झाडास मिळते आणि फूल निळे होते. जमीन विम्ल असली की तेच झाड गुलाबी फुलते. पांढऱ्या जातीवर असा परिणाम होत नाही. आपल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लच असल्याने तेथे कुंडीत लावलेले निळे झाड पुढील वर्षी गुलाबी झाले, तर रोपवाटिकेने फसविले असे समजू नये. या झुडपाची पाने व फुले जनावरांना विषारी आहेत, तेव्हा सजावटीतील उरलेले गुच्छ गोठ्याकडे टाकू नयेत.

काम कोणी करावयाचे?

घरची फुले म्हणजे पैशाची बचत, हे खरे. पण त्या बचतीचा भार घरच्या बायकांवर पडत असेल तर ती बचत म्हणता येणार नाही. मुहूर्ताच्या आदल्या रात्री याच बायका लाडू वळीत असतात, पाहुण्यांची अंथरुणे घालीत असतात, आणि त्यांच्याच पुढ्यात पंधरा किलो झेंडू ओतला जातो. एका सराईत माणसास एक मीटर माळ ओवण्यास दहा मिनिटे धरली तरी अठ्ठेचाळीस मीटर म्हणजे आठ तासांचे काम झाले. म्हणून तोडणी पुरुषांनी करावी, झेंडूच्या माळा तरुण मुलांनी व वऱ्हाडी मंडळींनी ओवाव्यात, आणि नाजूक कामच ज्यांना त्याची आवड आहे त्यांच्याकडे द्यावे. तोरणे व मागचे सर आदल्या दिवशी दुपारीच करून शीतकक्षात किंवा ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. सुई हाती धरण्यात पुरुषांस कमीपणा नाही. फूलबाजारात हार गुंफणारे कितीतरी पुरुषच असतात.

जेथे बचत गट आहे तेथे गटाने हे काम मोबदला घेऊन केल्यास अधिक चांगले. गटातील एकीचा झेंडू, दुसरीचा निशिगंध, तिसरीचे हात, आणि घरमालकाने दिलेले पैसे गावातच राहतात. मात्र फुलांचा दर, मजुरी आणि माळेची लांबी आधी कागदावर लिहून घ्यावी. नात्यागोत्यातील व्यवहारात हे बोलण्याचा संकोच होतो व पुढे मने दुखावतात. कार्यकर्त्या भगिनींनी पहिल्या एक-दोन लग्नांत स्वतः हजर राहून हा हिशेब करून द्यावा.

कार्य उरकल्यावर सजावट उतरविताना दोरा, सुतळी व तारा आधी काढून वेगळ्या कराव्यात. दोऱ्यासकट माळा उकिरड्यावर टाकल्या की जनावरे त्या गिळतात. फुले विहिरीत किंवा ओढ्यात न सोडता, पाने, शेण व माती यांच्या थरांत रचून त्यांचे खत करावे. केळीच्या खोडाचे तुकडे बारीक केल्यास तेही लवकर कुजतात. वाफ्यात राहिलेल्या झेंडूपैकी सरळ वाणाची चांगली, मोठी फुले झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत व त्यांचे बी सावलीत सुकवून कागदी पुडीत ठेवावे. संकरित जातीचे बी राखू नये. त्यातून येणारी रोपे एकसारखी निघत नाहीत. राखलेले बी ज्येष्ठाच्या अखेरीस गादीवाफ्यावर टाकले असता दसऱ्याच्या बाजारासाठी रोपे वेळेवर तयार होतात.